ऑटिस्टिक किशोरांचं हसणं, मजाक आणि मस्करी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण १२ ते १९ वयाच्या ऑटिस्टिक (ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या) मुलामुलींच्या घरच्यांसाठी, भावंडांसाठी आणि शिक्षकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. खेड्यात राहणारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून तालुक्याच्या हायस्कुलात गेलेली, घरी वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. मात्र चिडवण्याबद्दलचा प्रश्न कुणीही वगळू नये.

ऑटिझम असलेल्यांना विनोद कळतच नाही, असं ऐकलं. खरं आहे का?

नाही. हा समज फार जुना आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स अॅस्पर्गर यांनी १९४४ मध्ये आपल्याकडच्या मुलांचं वर्णन करताना त्यांच्यात विनोदबुद्धी नसते असं लिहिलं. काही मुलं शब्दांचे खेळ छान करतात हेही त्यांनीच नोंदवलं होतं, पण लोकांनी पहिलंच वाक्य धरून ठेवलं.

विनोद कळण्यात दोन कामं असतात. आधी काहीतरी अनपेक्षित घडल्याचं लक्षात यावं लागतं, मग त्या अनपेक्षिताचा आधीच्या गोष्टीशी सांधा जुळावा लागतो. मानसशास्त्रात ही दोन टप्प्यांची मांडणी १९७२ पासून वापरात आहे. ऑटिस्टिक किशोरांना पहिला टप्पा बहुतेक वेळा जमतो. अडतं ते दुसऱ्या टप्प्यावर, आणि तेही सगळ्यांचं किंवा सगळ्या प्रकारच्या विनोदांत नाही.

सर्वांनी ऐकलेला एक विनोद घ्या. सर विचारतात, "रोज उशिरा काऊन येतं बे?" पोरगा म्हणतो, "सर, रस्त्यावर पाटी हाय ना, पुढे शाळा आहे, सावकाश जा." अभ्यासांमध्ये असा विनोद अर्धा सांगून शेवट निवडायला देतात. समजा पर्याय असे आहेत : "मी उशिरा उठतो", "बैलानं चष्मा घातला", आणि पाटीचं उत्तर. २००३ मध्ये अमेरिकेत ऑटिस्टिक किशोरांना चित्रांचे आणि शब्दांचे असे अर्धवट विनोद दिले, तेव्हा योग्य शेवट निवडणं त्यांना इतर मुलांपेक्षा जड गेलं. चुकलेल्या उत्तरांत बैलाच्या चष्म्यासारखे शेवटही होते, म्हणजे नवल आहे पण सांधा नाही. आता पाटीचा विनोद पुन्हा बघा. सूचना वाहन चालवणाऱ्यांसाठी आहे आणि पोरगा ती स्वतःची सबब म्हणून वापरतो, हा सांधा कुणी दाखवला नाही तर यात हसण्यासारखं काय, असा प्रश्न पडणारच. पाटीवर तर खरंच तसं लिहिलेलं असतं.

एक मर्यादाही सांगायला हवी. असे बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतल्या, बोलणाऱ्या आणि बहुतांशी मुलग्यांवर झालेले आहेत. छापील चित्रं दाखवून घेतलेल्या परीक्षेत घरातली मस्करी मोजली जात नाही.

मग ही मुलं हसतात तरी कशाला?

प्रत्येकाचं वेगळं असतं, पण काही प्रकार पुन्हा पुन्हा दिसतात. पडणं-घसरणं, चिखलात रुतलेला ट्रॅक्टर, उलटी घातलेली टोपी हे डोळ्यांना दिसणारे विनोद. विशिष्ट आवाज : पंपाचं फटफटणं, एखाद्याची शिंक, घोषणेतला एकच शब्द. नियम मोडला जाणं. शब्दाचे दोन अर्थ. तर्क अगदी टोकापर्यंत ताणणं. आणि आवडत्या विषयातला विनोद, जो बाहेरच्याला कळणारच नाही. एसटीच्या वेळापत्रकात बुडालेल्या मुलाला "वणीची गाडी वेळेवर आली" एवढंच वाक्य दिवसभर हसवू शकतं.

शब्दांच्या कोट्यांत काही मुलं आपल्यापेक्षा तरबेज असतात. शब्दाचा अक्षरशः अर्थ त्यांना आधी दिसतो, म्हणून "हातावर तुरी दिल्या" ऐकताच ती विचारतात, "किती किलो?" घरचे हे न समजल्याचं लक्षण मानतात. कधी ते असतंच. कधी तो चांगला विनोद असतो. त्याच्या चेहऱ्यावरून ठरवू नका, सरळ विचारा : "मजाक केला का?"

फरक दिसतो तो हसण्यातल्या भागीदारीत. २००२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात लहान ऑटिस्टिक मुलं घरी हसत होती, पण दुसरा हसतोय म्हणून त्याच्याकडे बघणं, त्यात सामील होणं कमी होतं. किशोरवयातही बऱ्याच जणांचं हेच चालू राहतं. मुलगा खूप हसतो, पण एकटा हसतो, आणि घरच्यांना वाटतं याला विनोद कळत नाही.

सुरुवात कुठून करायची?

त्याचा विनोद आधी आपण शिकायचा. आपला त्याला शिकवायचं काम नंतरचं. हा क्रम उलटा केला की ती आणखी एक शिकवणी होते आणि मुलगा विटतो.

दोन आठवडे एक वही ठेवा. साधी ४० पानी पुरे. रोज दोन-तीन नोंदी, प्रत्येक नोंदीत चार गोष्टी : काय घडलं, तो नेमका कोणत्या क्षणी हसला, जवळ कोण होतं, आणि हसू कशाचं होतं (दिसण्याचं, आवाजाचं, शब्दाचं, नियम मोडल्याचं, आठवणीचं). शेवटचं कळलं नाही तर जागा कोरी ठेवा. अंदाज लिहू नका.

इथे हमखास चुकतं ते असं : घरच्यांना जे गमतीचं वाटतं तेवढंच लिहिलं जातं. तो पंख्याकडे बघून हसला तर "उगीच हसला" असं लिहून मोकळे होतात. तीच नोंद सगळ्यांत कामाची असते. पंखा बंद होताना ठरावीक आवाज करत असेल, पाती उलटी फिरल्यासारखी दिसत असतील. एकदा जवळ बसून बघा.

दोन आठवड्यांनी सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रकार घ्या आणि त्यातलीच गंमत तुम्ही स्वतः करून दाखवा. आवाजाची असेल तर तोच आवाज नको त्या जागी काढा. तो थांबून तुमच्याकडे बघेल, पुन्हा करायला सांगेल. दोघांचं हसणं इथे सुरू होतं.

विनोद समजावून सांगितला की त्यातली मजा जाते. मग समजवायचा कसा?

आपली मजा जाते. ज्याला सांधा दिसलाच नव्हता त्याची मजा समजल्यावर सुरू होते. पण समजावण्याची वेळ आणि जागा सांभाळावी लागते. चारचौघांत, सगळे हसत असताना "तुले समजलं का?" म्हणणं हे सगळ्यांत वाईट. तो "हो" म्हणतो, कारण "हो" म्हटलं की प्रश्न संपतो.

संध्याकाळी शांत वेळी, आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं, एका वेळी जास्तीत जास्त दोन विनोद. कागदाच्या मधोमध रेघ मारून दोन चौकोन करा. डावीकडच्या चौकोनात ऐकणाऱ्याला काय होईल असं वाटतं ते काढा किंवा लिहा. उजवीकडे प्रत्यक्षात काय झालं ते. मग रेघेवर सांधा लिहा : कोणता शब्द दोन अर्थांचा होता, किंवा कुणाला कोणती गोष्ट माहीत नव्हती. पाटीच्या विनोदात डावीकडे येईल "खरं कारण किंवा माफी", उजवीकडे "पाटीची सबब", रेघेवर "पाटी गाडीवाल्यांसाठी, पोरगा पायी".

हा दुसरा मुद्दा, म्हणजे कुणाला काय माहीत आहे, बऱ्याच मुलांना जड जातो. तिथे माणसांच्या डोक्यावर ढगासारखा फुगा काढून त्यात "याला वाटतं…" असं लिहा. फुगा काढला की निम्म्या अडचणी सुटतात.

सोप्याकडून अवघडाकडे जायचा क्रम साधारण असा ठेवा. आधी शब्द नसलेली चित्रं. मग दोन अर्थांचे शब्द : पान, पाठ, मान, वर, नाव. मग अतिशयोक्ती, म्हणजे "एवढा पाऊस आला का म्हशी पोहून घरी आल्या". मग गैरसमजाचे विनोद, आणि सगळ्यांत शेवटी टोमणे. एका प्रकारात तीन नव्या विनोदांपैकी दोन त्याने स्वतः फोडून दाखवले की पुढे जा. वेळ कितीही लागो. काही मुलं वर्षभर कोट्यांतच रमतात आणि त्यात काही बिघडत नाही.

समजला तरी तो हसेलच असं नाही. "समजलं, पण गमतीचं नाही" हे उत्तर पूर्ण बरोबर आहे. ते मान्य केलं नाही तर तो खोटं हसायला शिकेल.

टोमणा आणि खरं बोलणं यांतला फरक त्याला कळत नाही.

आपल्याकडे टोमणा बहुधा कौतुकाच्या शब्दांत येतो. दूध सांडलं की आजी म्हणते, "वा रे वा, लय हुशार!" मुलगा खूश होतो आणि आजी आणखी चिडते.

आवाज आणि चेहरा बघून ओळख, असं सांगण्यात फार अर्थ नाही. नेमकं तेच त्याला कठीण जातं. शिवाय वऱ्हाडीत प्रेमाचं बोलणंही बाहेरच्याला भांडणासारखं ऐकू येतं. त्यापेक्षा प्रसंग तपासायला शिकवा. तीन प्रश्न, याच क्रमाने : आत्ता काय घडलं, चांगलं की वाईट? बोललेले शब्द चांगले की वाईट? दोन्ही जुळतात का? दूध सांडलं, म्हणजे वाईट. "हुशार", म्हणजे चांगलं. जुळत नाही, तर टोमणा असू शकतो. तरी खात्री नसेल तर विचारायचं वाक्य तयार ठेवा : "हे खरं का मजाक?"

आणि घरच्यांनी ठरवायचं की या प्रश्नाला दर वेळी खरं उत्तर मिळेल. एकदा जरी "ओळख तूच" असं झालं तर तो विचारणं सोडतो. काम सांगताना, औषधाबद्दल, परीक्षेबद्दल आणि त्याच्या चुकीबद्दल टोमणा वापरूच नका. "कर मग आता तुझ्या मनासारखं" असं रागाने म्हटलं, तर तो खरंच मनासारखं करेल आणि त्याबद्दल त्याला मार बसणं हा अन्याय आहे.

एकच विनोद दिवसातून वीस वेळा सांगतो. काय करावं?

आधी बघा, सांगताना अंग सैल आहे की ताठ. अंग सैल, डोळ्यांत चमक, तुमच्याकडे वाकून सांगणं म्हणजे आनंद. पुढे काय येणार हे पक्कं ठाऊक असणं हीच त्यातली मजा असते. आवाज चढलेला, हात चोळणं, येरझारा आणि तोच विनोद म्हणजे अस्वस्थता. तेव्हा विनोद थांबवून उपयोग नाही. गोंगाट, भूक, बदललेलं वेळापत्रक यांपैकी काय खुपतंय ते शोधा.

आनंदाचा असेल तर बंदी घालू नका, जागा द्या. दिवसातल्या दोन वेळा ठरवा, जसं सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण. तेव्हा पूर्ण लक्ष देऊन ऐका. मधल्या वेळात "हा रात्रीच्या जेवणाचा" एवढंच म्हणा आणि रात्री शब्द पाळा. पाळला नाही तर ही युक्ती आठवड्यातच मोडते.

थोडं पुढे जायचं असेल तर विनोदातला एकच शब्द बदलून सांगा. बैलाच्या जागी बकरी. काही मुलं संतापतात, तेव्हा लगेच मूळ विनोदावर या. काहींना हीच नवी गंमत वाटते आणि ती स्वतः बदल करू लागतात.

शाळेत सांगताना नियम छोटा ठेवा : एका माणसाला एक विनोद एकदाच. सांगून थांबायचं. समोरचा हसला किंवा "आणखी सांग" म्हणाला तरच दुसरा. त्याने मान फिरवली, मोबाईल काढला, वही उघडली, तर आज पुरे. या खुणा घरी अभिनय करून दाखवा.

मयतीत, तेरवीत, सर रागावताना हसतो. लोक म्हणतात, संस्कार नाहीत.

घाबरल्यावर किंवा ताण आल्यावर हसू फुटणं पुष्कळ ऑटिस्टिक मुलांत दिसतं. इतरांतही दिसतं, फक्त ती ते दाबू शकतात. कधी वातावरणातलं दुःख पोहोचलेलंच नसतं, कधी जुनी एखादी गोष्ट आठवलेली असते. रागावलं की ताण वाढतो आणि हसू वाढतं. सरांना हे लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं वर्ष बदललं की विसरलं जातं.

मयतीला नेण्याआधी चार वाक्यांत सांगा : कोण वारलं, तिथे लोक रडतील, आपण किती वेळ थांबू, हसू आलं तर काय करायचं. शेवटचं नेमकं हवं : "हसू आलं की माझा हात दाब, आपण बाहेर जाऊ." जागा दाराजवळची घ्या. हातात काम द्या, लोकांना पाणी देण्याचं चांगलं. नेलंच पाहिजे असं नाही. काका गेल्यावर तो रडला नाही म्हणून त्याला दुःख नाही असं समजू नका. काही मुलांचं दुःख महिन्यांनी, भलत्याच दिवशी बाहेर येतं.

रात्री एकटाच हसतो. काळजी करावी का?

बहुतेकदा दिवसभरातलं काही आठवून हसत असतो. पण एक शक्यता तपासायलाच हवी. झटक्यांच्या आजाराचा एक दुर्मिळ प्रकार हसण्याच्या रूपात येतो, आणि ऑटिझममध्ये एकूणच झटक्यांचं प्रमाण जास्त असतं. खुणा अशा : हसू अचानक सुरू होतं आणि अचानक थांबतं, काही सेकंद ते साधारण अर्धा मिनिट टिकतं, दर वेळी सारखंच असतं, चेहऱ्यावर आनंद दिसत नाही, नजर स्थिर होते, हाक मारल्यावर प्रतिसाद येत नाही, नंतर गुंगी येते किंवा कपडे ओले होतात. असं दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, वेळ लिहून ठेवा आणि मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे करण्यात महिने घालवू नका.

पोट्टे मस्करी करतात की त्रास देतात, हे कसं ओळखायचं?

दोस्तीतली मस्करी दोन्ही बाजूंनी चालते. आज तू माझी, उद्या मी तुझी. थांब म्हटलं की ती थांबते, आणि मास्तर आले तरी लपवावी लागत नाही. छळात एकच जण नेहमी खाली असतो. मुलाला पाच प्रश्न लिहून द्या : मी पण हसलो का? मी थांब म्हटल्यावर थांबले का? रोज माझ्यावरच का? मोठं माणूस आल्यावर गप्प होतात का? मला काही करायला लावलं का? शेवटच्याचं उत्तर "हो" असेल तर बाकीचे बघायची गरज नाही. शिव्या म्हणायला लावणं, मुलींना काहीतरी बोलायला पाठवणं, खर्रा (तंबाखू-सुपारी) आणायला पिटाळणं, नाचवून व्हिडिओ काढणं हे सगळं त्यात आलं.

यातली क्रूर गोष्ट अशी की तो त्यांच्यासोबत हसत असतो. पोरं आपल्याभोवती जमतात, हसतात, म्हणजे दोस्त आहेत असं त्याला वाटतं. म्हणून "तुले मजा येते का?" हा प्रश्न पुरत नाही. "त्यांनी काय सांगितलं, तू काय केलं, मग काय झालं" असं एकेक विचारा.

काही मुलांत उलटं होतं. कुणीही हसलं की ते आपल्यालाच, असं वाटू लागतं. अॅस्पर्गर प्रकारच्या (म्हणजे बोलणं नीट येणाऱ्या ऑटिस्टिक) व्यक्तींवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हसलं जाण्याची भीती इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळली. पूर्वीचा छळ आठवत असला की असं होतं. अशा मुलाला घरात हसण्याचं कारण लगेच सांगत जा : "आम्ही कोंबडीला हसलो."

तीन वाक्यं पाठ करून घ्या आणि मोठ्या आवाजात म्हणायची सवय करा : "थांब." "मला हे आवडत नाही." "मी सरांना सांगतो." मग मुख्याध्यापकांना तारखेसह लेखी अर्ज द्या आणि एक प्रत सही-शिक्क्यासह घरी ठेवा. वर्गात एक विश्वासू मुलगा किंवा मुलगी मधल्या सुट्टीत सोबत राहील अशी व्यवस्था मागा. मोठी माणसं चौकात तमाशा करत असतील तर हे सांगा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मुलांच्या संकटासाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

त्याचाच मजाक दुसऱ्याला लागतो, तेव्हा?

"मामी, तू म्हशीसारखी दिसतं" हे त्याच्या दृष्टीने निरीक्षण असतं, आणि लोक हसले तर तो ते विनोद म्हणून जपून ठेवतो. म्हणून पहिला नियम घरच्यांसाठी : अशा वाक्याला कुणीही हसू नका. नंतर एकांतात यादी करा. शरीर, रंग, जात, धर्म, गरिबी, आजार, मरण, यांवर मजाक नाही. "का" असं विचारेल. कारण सांगा, "वाईट दिसतं" हे कारण पुरत नाही. "मामीला त्यावरून पूर्वी लोकांनी रडवलं" हे पुरतं.

मोबाईलवरचे मीम्स आणि रील्स चांगले की वाईट?

एका बाबतीत फार चांगले. चित्र थांबवता येतं, पुन्हा बघता येतं, कुणी वाट बघत नाही. बोलण्यातला विनोद दोन सेकंदांत निघून जातो. मीम तिथेच असतं. चौकोनांच्या सरावासाठी त्याच्या आवडीची मीम्स घ्या.

धोका पुढे पाठवण्यात आहे. गटात आलेलं अश्लील किंवा जातीधर्मावरचं काही त्याला न कळता तो सरांच्या गटावर टाकतो. नियम एकच ठेवा : पाठवायच्या आधी ताई किंवा दादा, ठरलेल्या एका माणसाला दाखवायचं. लैंगिक विनोदांचा अर्थ विचारला तर साध्या शब्दांत सांगा. घरी उत्तर मिळालं नाही तर तो ते भर वर्गात विचारेल, किंवा त्याचा गैरफायदा घेणारा कुणी सांगेल.

आमची मुलगी सगळ्यांसोबत हसते. तिला अडचण नाही ना?

असेलही. बऱ्याच मुली इतरांकडे बघून, अर्धा क्षण उशिरा हसतात. समजलेलं नसतं, पण वेगळं पडायचं नसतं. शाळेतून आल्यावर गप्प पडून राहणं, क्षुल्लक गोष्टीवर रडणं हे त्या दिवसभराच्या नाटकाचे श्रम असू शकतात. घरी अर्धा तास कुणी काही विचारू नये. नंतर कधी सहज विचारा, "आज सगळे कशाला हसले?" सांगता आलं नाही तर उत्तर मिळालं.

बोलत नसलेल्या मुलांचं काय?

तीही मजाक करतात. चप्पल लपवून बघत बसणं, पाणी हवं असताना मुद्दाम भाकरीच्या चित्रावर बोट ठेवून हसणं, आजोबांच्या खोकल्याची नक्कल. चित्रांच्या तक्त्यावर बहुधा पाणी, भूक, शी, झोप एवढंच असतं. त्यात चार चित्रं वाढवा : "मजाक", "पुन्हा कर", "थांब", "गमतीचं नाही". तक्ता स्वतः वापरून दाखवा : उलटी चप्पल घाला आणि "मजाक" वर बोट ठेवा.

घरी वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, टीव्हीवर हिंदी. गोंधळ होत नाही का?

एकापेक्षा जास्त भाषांनी ऑटिस्टिक मुलांचं नुकसान होतं असा पुरावा नाही. घरची बोली, मग ती वऱ्हाडी असो, गोंडी असो की कोरकू, सोडू नका. घरातले सगळे विनोद तिच्यातच आहेत. टीव्हीवरून उचललेल्या पुस्तकी भाषेत तो बोलतो म्हणून भावंडं हसत असतील तर ते थांबवा.

झाडीपट्टीचं नाटक, पोळा, लग्न, अशा ठिकाणी न्यावं का?

न्यावं, तयारीने. नाटक रात्रभर चालतं, भोंग्यांचा आवाज मोठा, आणि विनोदी पात्र आलं की हजार माणसं एकदम हसतात. गोष्ट आधी सांगा, विनोदी पात्र कोणतं तेही सांगा. भोंग्यापासून लांब, कडेला बसा. कानात बोळे किंवा कानावर ठेवायचे आवाज-रोधक घ्या. पहिल्या वेळी एक अंक बघून परता. तो रमलेला असताना निघणं चांगलं, त्रासून निघण्यापेक्षा. तो उशिरा हसेल. सांधा जुळायला वेळ लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पोळ्याच्या झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या यमकाच्या ओळी, हा तर या मुलांसाठी फार सुंदर प्रकार आहे आणि त्याचा उपयोग कमी होतो. ओळी छोट्या, यमक ठरलेलं, विषय गावातलाच, आणि शेवट पक्का : "एक नमन गौरा पार्वती, हरबोला हर हर महादेव." विनोद कुठे संपला आणि लोकांनी कधी ओरडायचं, हे इतर विनोदांत चेहऱ्यावरून ओळखावं लागतं, इथे ते शब्दांतच आहे. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याच्या, महिनाभर आधी सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात यमकांची यादी करा : बैल, सैल; खत, पत; तूर, धूर. दुसऱ्यात त्याच्या आवडीच्या विषयावर दोन ओळी. तिसऱ्यात ठरलेला शेवट जोडून घरी म्हणणं. चौथ्यात दोन-तीन शेजाऱ्यांसमोर. गर्दीत म्हणायला तयार नसेल तर भावाने म्हणावी आणि ओळी कुणाच्या ते जाहीर सांगावं.

त्याला दोस्त कसे मिळतील?

२०१२ मध्ये ब्रिटनचे संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, यांनी मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंचं असतं. आपल्यालाही ते कळत नाहीत. २०२० मध्ये तिकडेच झालेल्या प्रयोगात ऑटिस्टिक माणसांनी एकमेकांना सांगितलेली माहिती इतर माणसांइतकीच नीट पोहोचली. घट झाली ती मिश्र गटात. म्हणून तालुक्यात दुसरं ऑटिस्टिक मूल असेल तर दोघांना महिन्यातून एकदा भेटवा, आवडीचा विषय मध्ये ठेवून, तासभर. ती शेजारी बसून आपापलं काही करतील आणि मध्येच एकत्र हसतील. मध्ये पडू नका.

"हा तर मजाक करते, याले कुठला ऑटिझम?" असं नातेवाईक म्हणतात. तपासणी आणि मदत कुठे?

विनोदबुद्धी नसणं ही निदानाची अट नाही. २०१३ पासून वापरात असलेल्या डीएसएम-५ या मानसिक निदानाच्या अमेरिकन पुस्तकात दोन गट बघतात : सामाजिक संवादातल्या अडचणी, आणि पुनरावृत्तीचं वागणं, ठरावीक आवडी किंवा आवाज-स्पर्शाची वेगळी जाणीव. मजाक करणारं मूलही यात बसू शकतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना सांगा; हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंत आहे. पुढची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. नागपूर आणि यवतमाळची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय इथे मानसोपचार आणि बालरोग विभाग आहेत. जाण्याआधी फोन करून ओपीडीचा वार विचारा. फुकटचा फेरा आणि बुडालेली मजुरी वाचते. वाचा-उपचारतज्ज्ञांना "बोलायला शिकवा" इतकंच न सांगता "टोमणा, मजाक, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं यावर काम हवं" असं सांगा.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी भारतात इसा (ISAA) ही ४० मुद्द्यांची तपासणी वापरतात. ७० किंवा जास्त गुण आले तर ऑटिझम धरतात. त्यात स्वतःशीच हसणं, प्रसंगाला न जुळणाऱ्या भावना, यांबद्दलही विचारतात. नव्या जागी, अनोळखी माणसांसमोर मूल गप्प बसतं आणि घरचे गोंधळतात. म्हणून ती दोन आठवड्यांची वही आणि मोबाईलवरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ सोबत न्या, आणि तो कशाला हसतो ते डॉक्टरांना त्यातूनच वाचून दाखवा.